जुन्या विमानात वीज बसवताना



आज एका पिवळ्या विमानाविषयी बोलू या. पायपर जे-३ कब. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन या गावी १९३८ ते १९४७ या काळात ही विमानं हजारोंनी बनली. त्यातली पुष्कळ आजही उडतात. दोन आसनं, पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि बहुतेकांना ६५ अश्वशक्तीचं इंजिन. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, दिवे नाहीत.

मग ठिणगी कुठून येते? आपली लुना आठवा. बॅटरीशिवाय चालायचीच ना! तिथेही मॅग्नेटो, इथेही मॅग्नेटो. आतलं चुंबक इंजिनाबरोबर फिरतं आणि ठिणगीपुरती वीज तिथल्या तिथे तयार होते. कबला असे दोन मॅग्नेटो असतात. म्हणजे इंजिन चालू राहायला बॅटरीची गरजच नाही.

अडचण येते ती इंजिन सुरू करताना. पंखा हाताने फिरवावा लागतो. त्या वेळी थ्रॉटल जास्त उघडा राहिला, तर आत कुणी नसतानाही विमान धावत सुटू शकतं. म्हणून चाकांना उटी, शेपटीला दोर आणि आत जाणकार माणूस हवाच.

हे टाळायला मालक म्हणतो, "स्टार्टर बसवून टाकू." जरा थांबा, हिशेब मांडू. उड्डाणाचं कमाल वजन ५५३ किलो. रिकामं विमान साधारण ३४७. उरले २०६. पूर्ण टाकी ४५ लिटरची, म्हणजे ३३ किलो. दोन माणसं आणि सामानासाठी उरतात १७३ किलो. स्टार्टर, जनरेटर, बॅटरी आणि जाड तारा यांत वीसेक किलो सहज जातात. शिवाय मूळ ए-६५-८ इंजिनावर स्टार्टर बसवायला जागाच नाही, म्हणजे इंजिनही बदलायचं. त्यापुढे मंजुरीची कागदपत्रं, नव्याने वजन आणि तोल तपासणं आलंच.

आणि एक कायद्याची मेख आहे. अमेरिकेत ठरावीक मोठ्या विमानतळांभोवती ३० सागरी मैलांत ट्रान्सपॉन्डर लागतो आणि २०२० पासून एडीएस-बी यंत्रही. इंजिनावर चालणारी वीजयंत्रणा मुळातच नसलेल्या विमानांना, काही अटींवर, त्यात सूट आहे. अशी यंत्रणा रीतसर बसवलीत की सूट गेली. मग ती उपकरणंही घ्या!

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा: वीज कशासाठी हवी? नुसतं बोलायचं असेल तर घरी चार्ज केलेला हातातला रेडिओ पुरतो. रेडिओत खरखर आली, तर प्लगकडे जाणाऱ्या तारांना धातूची जाळी आहे का ते आधी बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

पण तुम्ही नेहमी एकटेच उडत असाल, खांदा दुखत असेल, विमान धरायला कुणी नसेल, तर स्टार्टर ही चैन नाही. तिथे वीस किलो जरूर खर्च करा. फक्त बसवण्याआधी सोबत्याला सांगून ठेवा, की यापुढे त्याच्या वजनाचा विचार करावा लागेल, किंवा टाकी थोडी कमी भरावी लागेल.