पत्ते वाटण्याआधी

पुढच्या रांगेतल्या बालमित्रांनो,

मघाशी आरतीनंतर मांडवामागे तुमचं पोकेमॉनच्या कार्डांवरून भांडण चाललं होतं, ते आम्ही ऐकलं. एक म्हणत होता, "अदलाबदल झाली, आता परत नाही." दुसरा रडकुंडीला येऊन सांगत होता, "मी नुसतं बघायला दिलं होतं की!" आम्हाला हसू आलं. नव्वदच्या दशकात बेळगावातल्या गल्लीत, ओट्यावर बसून आम्ही हेच भांडलो आहोत.

आमच्या वेळी कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं होती. एकानं उंची, वजन, छाती किंवा दंडाचा आकडा पुकारायचा. ज्याचा आकडा मोठा, त्यानं समोरच्याचं कार्ड घ्यायचं. योकोझुना हाती आला की वजन पुकारावं, हे शेंबड्या पोरालाही कळे. अडायचं ते 'रँक'पाशी. तिथं एक मोठा की दहा? आणि आकडे सारखे आले तर कार्डं कुणाची? एकदा यावरूनच आमच्यातले दोन जिवलग मित्र हातघाईवर आले. ओढाताणीत कार्ड फाटलं. चतुर्थीपासून दोघांचं बोलणं बंद. विसर्जनाला कपिलेश्वर तलावापर्यंत एकाच मिरवणुकीत चालले, पण रस्त्याच्या दोन कडांनी.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका आजोबांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. ते मूळचे सावंतवाडीकडचे. कुस्तीगीर त्यांना ठाऊक नव्हते, पण गंजिफा ठाऊक होती. म्हणाले, "दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या अवतारांत दहा मोठा, निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा रामापासून सुरुवात, रात्री कृष्णापासून. तरी भांडण होत नाही. का? पत्ते वाटण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून."

त्या दिवशी आमचा कायदा ठरला. रँकमध्ये लहान आकडा वरचढ. आकडे सारखे आले तर दोन्ही कार्डं मध्ये ठेवायची. पुढचा हात जिंकेल त्याची. वाद झाला तर ज्याच्या हाती कार्डं नाहीत, त्यानं निकाल द्यायचा. नवीनच अडचण निघाली तर चालू डाव जुन्या रीतीनं पुरा करायचा, नवा नियम पुढच्या डावापासून. अदलाबदल साक्षीदारासमोर, आणि दिवेलागणीपर्यंत परत मागायची मुभा. गल्लीत कन्नड आणि उर्दू बोलणारे दोस्तही होते, म्हणून प्रत्येक नियम तिन्ही भाषांत एकदा म्हटला जाई. "मला कळलं नव्हतं" म्हणायची सोय कुणालाच उरली नाही.

फाटलेलं कार्ड चिकटपट्टी लावून पुन्हा खेळात आलं. पाठीमागूनही ते ओळखू यायचं, पण त्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नाही. ते दोघे मित्र आज या सभागृहात शेजारी शेजारी बसले आहेत.

मंडळी, आपल्या सीमाभागाला १९५६ पासून एक वाद चिकटलेला आहे. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाल आपल्या हाती नाही. ओट्यावरच्या वादाचा निकाल मात्र आपल्याच हाती असतो, आणि तो त्याच दिवशी लावता येतो.

तेव्हा बालमित्रांनो, कार्यक्रम संपला की मांडवामागे जा. आधी नियम ठरवा, मग पत्ते वाटा. आणि ते बघायला दिलेलं कार्ड आज परत करून टाका. अजून दिवेलागण व्हायची आहे.

गणपती बाप्पा मोरया!