वरची रक्कम कोणाच्या माथी?

(मोशी येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



चाकणच्या कारखान्यांत राबणारा आणि मोशी-चिखलीच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारा कंत्राटी कामगार आजारी माणसाला घेऊन रुग्णालयात जातो, तेव्हा त्याला दोन भाषा ऐकू येतात. शासनाच्या फलकावर ‘विनामूल्य उपचार’ असे लिहिलेले असते. बिलाच्या खिडकीवर मात्र ‘योजनेत एवढेच बसते, वरचे तुम्ही भरा’ असे सांगितले जाते. या ‘वरच्या’ रकमेविषयी आज बोलावयाचे आहे.

2012 साली 8 जिल्ह्यांत सुरू झालेल्या जीवनदायी योजनेला 2017 साली महात्मा फुले यांचे नाव मिळाले. 28 जुलै 2023 च्या शासननिर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि वार्षिक संरक्षण 5 लाख रुपये ठरले. मंजूर उपचारातील खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण हे सारे ठरलेल्या दरातच येते. अंगीकृत रुग्णालयाने त्यापोटी रुग्णाकडून पैसा घ्यावयाचा नाही, हा या योजनेचा गाभा आहे.

रुग्णालयचालक म्हणतात, दर अपुरे आहेत आणि देयके वेळेवर मिळत नाहीत. या तक्रारीत तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु करार रुग्णालयाचा आणि शासनयंत्रणेचा आहे. त्या दोघांच्या हिशेबातील तूट तिसऱ्याने, तीही आपले माणूस खाटेवर असताना, का भरावी? तेथे घासाघीस करण्याचे बळ कोणात असते? सावकाराच्या दारी जाण्याची वेळ येते ती याच क्षणी.

केवळ दर बांधून भागत नाही, हे करोनाच्या साथीने शिकविले आहे. 21 मे 2020 च्या आदेशाने खासगी रुग्णालयांना साध्या खाटेस दिवसाला 4,000, अतिदक्षता विभागास 7,500 आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह 9,000 रुपये ही मर्यादा घातली गेली. तरीही संरक्षक पोशाख व औषधांच्या नावाने बिले फुगली. लेखापरीक्षक बसले तेव्हाच अनेकांची बिले खाली आली.

म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. शासनाने प्रत्यक्ष खर्च पाहून दर ठरवावेत आणि देयके मुदतीत चुकती करावीत. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयासारखी सार्वजनिक रुग्णालये वाढवावीत. दुसरीकडे, रुग्णाकडून वरची रक्कम घेणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे.

कार्यकर्त्यांचे काम आजच सुरू होऊ शकते. वरची रक्कम मागितली की ती लेखी मागा, पावतीवाचून पैसा देऊ नका, रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठा, 155388 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. एकटा नातेवाईक खिडकीवर विनवणी करतो. चार कार्यकर्ते सोबत असले, तर तोच हक्काने जाब विचारतो.