वाडीतल्या चराला उतार किती?

आगाशी-निर्मळपासून भुईगावपर्यंत पावसाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: केळीच्या वाडीत पाणी तुंबते. पूर्वी हे पाणी बावखलात उतरायचे. आता पुष्कळ बावखले बुजली. 2018 च्या जुलैत वसई-विरारला पाण्याने कसे वेढले होते, ते आपण पाहिलेच आहे. बुंध्याशी पाणी साचून राहिले की केळीची मुळे गुदमरतात, कुजतात.

मग आपण चर खणतो, पण नजरेच्या अंदाजाने. मीही एकदा एका वाडीत, "उतार ओहोळाकडेच आहे, खणा बिनधास्त," असे सांगून बसलो. पहिल्याच मोठ्या सरीला पाणी चराच्या मध्यावर अडले. मजुरी त्या शेतकऱ्याची गेली, अंदाज माझा होता! तेव्हापासून मोजल्याशिवाय बोलत नाही.

मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी पुरे. पंचवीस मीटरची घ्या, पाणी भरा, बुडबुडे काढून टाका. दोन काठ्यांवर तळापासून सेंटीमीटरच्या खुणा करा. काठ्या वीस मीटर अंतरावर उभ्या धरून नळीची टोके त्यांना लावा. पाणी स्थिरावले की दोन्हीकडचे आकडे वाचा. येथे पुष्कळांची गफलत होते, म्हणून नीट ऐका: ज्या काठीवर आकडा मोठा, तिथली जमीन खोल. मागे 85 आणि पुढे 88 आले, तर जमीन 3 सेंटीमीटर उतरली.

समजा, वाडीच्या कोपऱ्यापासून ओहोळाचा काठ 60 मीटर आहे. तीन टप्पे मोजले. पहिल्यात जमीन 3 सेंटीमीटर उतरली, दुसऱ्यात 8 चढली, तिसऱ्यात 23 उतरली. उतरण मिळवायची, चढण वजा करायची. एकूण उतरण 18 झाली. 60 मीटरला 18, म्हणजे शंभर मीटरला 30 सेंटीमीटर. मातीच्या चराला एवढा उतार छान. फार जास्त दिला तर पाणी माती ओरबाडते.

पण नुसती दोन टोके मोजली असती, तर मधला उंचवटा कळलाच नसता. माझे तेच झाले होते. चाळीस मीटरवर चराचा तळ सुरुवातीपेक्षा 12 सेंटीमीटर खाली हवा आणि जमीन तर 5 सेंटीमीटर वर! म्हणून दोन्ही टोकांना चर 30 सेंटीमीटर खोल असेल, तर तिथे 47 खणावा लागेल.

आणखी एक. ओहोळाच्या तोंडाशी भरतीचे पाणी कुठवर चढते, ती खूणही याच नळीने तपासा. चराचा तळ त्या खुणेच्या खाली गेला, तर भरतीला खारे पाणी उलटे वाडीत येईल. मे महिन्यात, जमीन कोरडी असतानाच हे उरका.