हडपसरचा मनोरा आणि हवेची मालकी
(मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'माध्यमे आणि लोकशाही' या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आहे आणि मी माध्यमांची अभ्यासक नाही. माझे शिक्षण आणि संशोधन पदार्थविज्ञानातले. तेव्हा मला जे जवळून माहीत आहे त्यावरच बोलते. ते म्हणजे पुणे आकाशवाणीचे हडपसरचे प्रक्षेपण केंद्र. त्याच्या आसपास माझे लहानपण गेले.

पुणे आकाशवाणी म्हटले की बहुतेकांना शिवाजीनगरची इमारत आठवते. कलाकार, निवेदक, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ, सगळे तिथे. पण तिथे बोललेला शब्द हवेत जायचा तो सोलापूर रस्त्यावरच्या हडपसरहून. बसच्या थांब्याचे नावही 'आकाशवाणी'. आज त्या भागात मगरपट्टा सिटी आहे, आयटी कंपन्या आहेत, आणि या सभागृहातल्या निम्म्या लोकांचे कोणी ना कोणी तिथे राहत असेल. १९८० च्या दशकात तिथे ऊस होता, भाजीपाल्याचे वाफे होते, औद्योगिक वसाहतीतले कारखाने होते, आणि या सगळ्यावर तारांनी ताणून धरलेला, रात्री लाल दिवे लागणारा लोखंडी मनोरा होता.

पुणे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. माडगूळकर आणि फडके यांचे 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये याच केंद्राने आठवड्याला एक गीत या हिशेबाने महाराष्ट्रभर पोचवले. आमच्या लहानपणी केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागायचे आणि प्रक्षेपकाची शक्ती १०० किलोवॅट होती. घरातला दिवा साठ वॅटचा धरला तर सोळाशेहून अधिक दिव्यांइतकी शक्ती एका मनोऱ्यातून दिवसभर हवेत जात होती. तिचा परिणाम आम्हाला रोज दिसायचा. लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकर लावला की सनई सुरू होण्याआधीच त्यातून बारीक आवाजात आकाशवाणी ऐकू यायची. बंद टेपरेकॉर्डरही कधी कधी बोलायचा. कुठेतरी गंजलेला जोड किंवा साधा ट्रान्झिस्टर रेडिओ-लहरीतून ध्वनी वेगळा काढायचा, एवढेच त्यामागचे विज्ञान. वाडीतल्या बायका मात्र याला 'तारेतलं भूत' म्हणत. मनोऱ्यामुळे पाऊस पळतो, असेही काही जण ठामपणे सांगत.

आमच्या शाळेची सहल एकदा त्या केंद्रावर गेली होती. तिथल्या अभियंत्यांनी एक गोष्ट समजावली, ती मी विसरले नाही. ते म्हणाले, "मनोऱ्यावर अँटेना बसवलेला नाही. मनोरा हाच अँटेना आहे." म्हणून तो चिनी मातीच्या मोठ्या निरोधकावर उभा असतो, जमिनीला टेकत नाही. आणि त्याच्याभोवती जमिनीखाली तांब्याच्या तारा सूर्यकिरणांसारख्या पसरलेल्या असतात. ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब. तिच्या पाव लांबीचा मनोरा करायचा म्हटला तरी ९५ मीटर उंची होते. मध्यमलहरीच्या केंद्राला कित्येक एकर मोकळी जमीन का लागते, हे तेव्हा कळले. या जमिनीचा मुद्दा पुढे येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

त्या सहलीनंतर मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एक जर्मेनियम डायोड, गँग कंडेन्सर आणि इअरफोन आणला आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी करून बिनबॅटरीचा रेडिओ जोडला. सेल नाही, वीज नाही. मनोऱ्यातून येणारी ऊर्जाच कानातला पडदा हलवायची. कंडेन्सर कुठेही फिरवला तरी पुणेच लागायचे, कारण इतक्या जवळ दुसऱ्या कोणाला जागाच नव्हती! मी विज्ञानाकडे वळले त्यात या खेळण्याचा वाटा मोठा आहे.

आता माझ्या आजीबद्दल. आजीला अक्षरओळख नव्हती. आमचा एक लहान वाफा होता, त्यातली मेथी-कोथिंबीर ती विकायची. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागायच्या. सुधा नरवणे यांचा आवाज तिला घरच्या माणसासारखा ओळखीचा होता. पण तिचा खरा कार्यक्रम म्हणजे बाजारभाव. कोणत्या बाजारात कोथिंबीर काय भावाने गेली हे ऐकून ती घराबाहेर पडायची. दलालाने भाव पाडून सांगितला की म्हणायची, "रेडिओवर येगळं सांगितलं की वो." समोरचा वरमायचा. निरक्षर बाईच्या हातात दलालाइतकीच माहिती, तीही त्याच सकाळी. माहितीचा अधिकार हा शब्द आमच्या वाडीत पोचण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

हे मध्यमलहरीमुळेच शक्य होते. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची आणि जवळजवळ सरळ रेषेत जाणारी. डोंगर आडवा आला की त्याच्या सावलीत ती पोचत नाही. मध्यमलहर लांब असल्याने जमिनीला धरून, वळणे घेत जाते. वेल्हे, भोर, मुळशी, आंबेगाव हे तालुके डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीच्या त्या घळींमध्ये जे पोचते ते मध्यमलहरीने. रात्री तर आयनांबरातला दिवसा लहरी शोषणारा खालचा थर विरतो, वरच्या थरावरून लहरी परावर्तित होतात, आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे खरखरत का होईना, ऐकू येतात.

आणखी एक गुण आज मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मनोऱ्याला कोण ऐकते आहे हे कळत नाही. ऐकणारे हजार असोत की दहा लाख, खर्च तेवढाच. ऐकणाऱ्याचे नाव, जात, ठावठिकाणा कुठेच नोंदला जात नाही. फोनवर ऐकलेल्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब कोणत्या तरी कंपनीकडे असतो आणि डेटा संपला की आवाज बंद होतो. आपल्यापैकी अनेकांची नोकरी या दुसऱ्या व्यवस्थेवर चालते. म्हणून हा फरक आपण तरी डोळसपणे पाहायला हवा.

पण मला इथे केवळ गोडगोड आठवणी सांगायच्या नाहीत. हा मनोरा सरकारचा होता, आणि सरकारला हवे तेच त्यातून बाहेर पडत होते. बी. व्ही. केसकर मंत्री असताना चित्रपटसंगीताला आकाशवाणीची दारे जवळजवळ बंद झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. त्यानंतर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. आणीबाणीत लोक ऑल इंडिया रेडिओला 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणत, ते उगाच नाही. स्वायत्त महामंडळाची शिफारस चंदा समितीने १९६६ मध्ये केली, वर्गीज समितीने १९७८ मध्ये केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात आला १९९७ मध्ये. कायदा आल्यावरही स्वायत्तता किती आली, हे तुम्हीच ठरवा.

भाषेचेही तसेच. बातम्यांची, व्याख्यानांची मराठी ही पुण्याच्या काही पेठांची मराठी. आमच्या वाडीतली बोली ऐकू यायची ती शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या कार्यक्रमांत, बहुधा सल्ला विचारणाऱ्या पात्राच्या तोंडी. सल्ला देणारा प्रमाण भाषेत बोलायचा. आजी ऐकत होती, पण तिला मायक्रोफोनसमोर कोणी बसवले नाही. लहरी सर्वांपर्यंत पोचत होत्या. बोलण्याचा हक्क मात्र थोड्यांकडेच होता.

या प्रश्नाला थेट हात घालणारा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. वाद होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा. न्या. पी. बी. सावंत आणि न्या. जीवन रेड्डी यांनी स्पष्ट म्हटले की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. सरकारची मक्तेदारी त्यांना मान्य नव्हती, तसेच पैसेवाल्यांची मक्तेदारीही. सावंतसाहेबांना आपल्या चळवळीतले लोक अनेक कारणांनी मानतात. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. माझ्या मते हा निकाल त्यांच्या कामातला एक मोठा टप्पा आहे आणि त्याची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही.

पुढे काय झाले? २००१ पासून खासगी एफएम केंद्रे आली, लिलावातून. त्यांना गाणी वाजवायला परवानगी, स्वतःच्या बातम्या द्यायला नाही. आकाशवाणीच्याच बातम्या पुन्हा ऐकवण्याची मुभा मिळाली, तीही नंतर. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटे बातम्यांची शिफारस केली. ज्या देशात दूरचित्रवाणीवर चोवीस तास आरडाओरडा चालतो, तिथे रेडिओवरच्या दहा मिनिटांची धास्ती वाटते! सामुदायिक रेडिओचे धोरण २००२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी खुले झाले. सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ पासून चाललेले 'माणदेशी तरंग' हे त्याचे चांगले उदाहरण. दुष्काळी माणदेशातल्या बायका तिथे स्वतःच्या बोलीत बोलतात. माझ्या आजीला जे मिळाले नाही, ते तिथे मिळते.

दुसरीकडे मध्यमलहरीचे मनोरे शांत होत चालले आहेत. नागपूरजवळच्या १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून देशभर रात्री ऐकू जाणारी राष्ट्रीय वाहिनी १९८८ मध्ये सुरू झाली होती. ती बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये झाला. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र दुसऱ्या केंद्राकडे सोपवण्याचा आदेश निघाला. आजीच्या त्या सात-पाचच्या बातम्या! श्रोत्यांनी आणि पत्रकारांनी ओरड केली आणि आदेश स्थगित झाला. ओरड केल्याने फरक पडतो, हे यातून घ्यायचे.

यावर तांत्रिक उत्तर दिले जाते की मध्यमलहर जुनी झाली. त्यात तथ्य आहे. एएम पद्धतीत बहुतेक शक्ती वाहक लहरीतच खर्च होते, वीजबिल मोठे येते, आणि स्वस्त एलईडी दिवे व चार्जर इतका विद्युत-गोंगाट करतात की शहरात खरखरच ऐकू येते. पण हेच मनोरे वापरून डिजिटल प्रक्षेपण करता येते, कमी विजेत आणि स्वच्छ आवाजात. भारताने मध्यमलहरीचे तीसहून अधिक प्रक्षेपक त्यासाठी सज्जही केले. परवडणारे डिजिटल रेडिओ-संच मात्र लोकांच्या हाती पोचले नाहीत. स्वयंपाक तयार आणि ताटेच नाहीत, अशी ही गत.

इथे अमेरिकेत मोटारींमधून एएम रेडिओ काढू नये यासाठी २०२३ मध्ये काँग्रेसमध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून विधेयक आणले. कारण साधे आहे: वादळात मोबाइलचे जाळे कोलमडते, तेव्हाही दूरवरचा एक मनोरा बोलत राहतो. पूर आणि भूकंप आपल्याकडेही येतात.

आता जमिनीचा मुद्दा. मनोरा शांत झाला की उरते ती शहराच्या मधोमध आलेली मोकळी सरकारी जमीन. हडपसरसारख्या ठिकाणी तिचे मोल काय, हे सांगायला नको. अशा जमिनींचे काय करायचे हे निविदा निघण्यापूर्वी लोकांसमोर चर्चिले जावे. ती सार्वजनिक प्रसारणासाठी घेतलेली जमीन आहे.

आपण इथे बसून काय करू शकतो? मला तीन गोष्टी सुचतात. एक, आपण गावाकडच्या कामांना देणग्या देतो, त्यात सामुदायिक रेडिओचा समावेश करावा. दोन, आपल्यात रेडिओ-लहरींचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार आहेत. स्वस्त डिजिटल संचाचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवून तयार करणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. तीन, सावंतसाहेबांच्या निकालाचा मराठी सारांश आपण तयार करून महाविद्यालयांपर्यंत पोचवावा. पुढच्या पिढीला हवा कोणाची आहे हे माहीत असले पाहिजे.

यातल्या दुसऱ्या कामासाठी मी स्वतः वेळ द्यायला तयार आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी भेटावे.