वानवळा



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी देणगीविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा आम्हांस झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो.

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात हेदवी हे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील दशभुज गणेशाचे देऊळ केळकरस्वामी या सत्पुरुषास पेशव्यांकडून मिळालेल्या द्रव्यातून उभे राहिले, असे परंपरा सांगते. एकास मिळाले ते अनेकांचे झाले, हा तिचा आशय आम्हांस मोलाचा वाटतो.

त्याच गावी गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका दारी पाणी मागितले. निघताना घरच्या आजीबाईंनी आमसुलांची पुरचुंडी हाती ठेवली. आम्ही पैसे पुढे केले, तोच त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "अहो, हा वानवळा आहे. वानवळ्याचे का कोणी पैसे घेते?" आम्ही खजील झालो.

आपल्या झाडाची फळे, आपल्या शेतातील नवे धान्य शेजाऱ्यापाजाऱ्यांस व आप्तेष्टांस धाडावे, तो वानवळा. आहेर वहीत लिहितात आणि पुढे तोलूनमापून फेडतात. वानवळा कोणी लिहीत नाही.

मोठ्या देणगीस आम्ही कमी लेखत नाही. याच जिल्ह्यात जन्मलेल्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाख रुपये देऊ केले. त्या विद्यापीठास नाव लाभले ते त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे. परंतु त्यापूर्वी, दरसाल माणशी एक पैसा या कल्पनेवर उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला होता, हेही विसरू नये. आणि मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी ती विधवा तर आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. प्रभूने तिचे दान सर्वांहून थोर ठरविले, कारण तिने आपल्या उणिवेतून दिले.

आता थोडे स्पष्ट बोलतो. या ज्युबिलीसाठी वर्गणी गोळा करताना आम्ही देणगीदारांची नावे रकमांच्या क्रमाने फलकावर लाविली. परिणाम असा झाला की, काही कुटुंबे संकोचाने मागे राहिली. काहींनी तर त्या रविवारी मिस्सा संपताच मान खाली घालून घरची वाट धरिली. हा दोष त्यांचा नव्हे, आमचा आहे. वानवळा घेऊन आलेल्यांस आम्ही आहेराची वही दाखविली.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, पैशांचा हिशेब चोख ठेवावा व मागेल त्यास दाखवावा. परंतु फलकावर केवळ नावे असावीत, आकडे नसावेत. ज्याने वेदी झाडली, ज्याने फुले आणिली, ज्याने आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढली, त्याचेही नाव तेथे यावे. जे मागे राहिले त्यांच्या दारी आम्ही स्वतः जाऊ, आणि त्यांनी जे हाती ठेविले ते मोल न विचारता स्वीकारू.