न झालेल्या लढतींचा हिशेब

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘गुम्मिडिपूंडी’ हा पत्ता वाचून हे गाव नेमके कोठे आहे, असे आज मला अनेकांनी विचारले. चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवर, आंध्र प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले हे कारखान्यांचे गाव. चेन्नईहून सुटणारी लोकल वॉशरमनपेट, कोरुक्कुपेट, तोंडियारपेट अशा उत्तर चेन्नईच्या जुन्या कामगार वस्त्या मागे टाकीत आमच्याकडे येते. कोल्हापूरला जशा तालमी, तशी या वस्त्यांत मुष्टियुद्धाची घराणी आहेत. त्यांना तेथे ‘परंबरै’ म्हणतात. सारपट्टा आणि इडियप्प ही त्यांतली दोन नावाजलेली घराणी. २०२१ साली पा. रंजित यांनी ‘सारपट्टा परंबरै’ या चित्रपटातून ती पडद्यावर आणली, तेव्हा उर्वरित देशाला त्यांची ओळख झाली.

एकदा अशाच एका वस्तीतील चहाच्या दुकानात दोन वृद्ध गृहस्थ एका जुन्या लढतीवरून वाद घालीत होते. दोघांनीही ती लढत डोळ्यांनी पाहिलेली; आणि दोघांच्या मते विजेते वेगवेगळे! प्रत्येकाच्या स्मरणात आपापल्या घराण्याचा योद्धा जिंकला होता. मी घरी परतलो तो हाच प्रश्न घेऊन, की झालेल्या लढतीबद्दल जर एवढा मतभेद, तर जी लढत झालीच नाही तिच्याबद्दल काही सांगता येईल का? तेव्हापासून फावल्या वेळात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुष्टियोद्ध्यांच्या कारकिर्दी आणि जगज्जेतेपदाच्या लढती संगणकावर पुन्हा खेळवून पाहण्याचा छंद मला जडला. शास्त्रीय परिभाषेत याला सदृशीकरण म्हणतात. व्यवहारात आपण सिम्युलेशन म्हणतो. या छंदाने मला जे शिकवले, ते आज तुमच्यापुढे मांडावे म्हणतो.

मुलांनो, हा खेळ तुम्हाला संगणकावाचूनही खेळता येईल. दहा चिठ्ठ्या घ्या. सहांवर ‘अ’ लिहा, चारांवर ‘ब’. डोळे मिटून एक चिठ्ठी उचला. जे अक्षर येईल त्याने ती फेरी जिंकली. चिठ्ठी परत टाका, ढवळा, पुन्हा उचला. अशा पंधरा फेऱ्या झाल्या की एक लढत पुरी झाली. ही लढत शेकडो वेळा खेळलात, तर ‘अ’ सुमारे ७९ टक्के लढती जिंकलेला दिसेल. आता पंधराऐवजी पंचेचाळीस फेऱ्या ठेवा. त्याचे यश सुमारे ९१ टक्क्यांवर जाईल. चिठ्ठ्या त्याच आहेत, बदलला आहे तो फक्त नियम. लढत जितकी लांब, तितकी दैवाला जागा कमी. १९१० साली रीनो येथे जॅक जॉन्सन आणि जेम्स जेफ्रीज यांची लढत पंचेचाळीस फेऱ्यांची ठरली होती. जॉन्सनने ती पंधराव्या फेरीतच संपवली. नंतरच्या काळातील जगज्जेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या झाल्या. तेव्हा दोन काळांतील वीरांना समोरासमोर उभे करायचे, तर आधी ठरवावे लागते की नियम कोणाच्या काळाचे.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. चिठ्ठ्या सहा आणि चारच का? पाच-पाच का नाहीत? हा आकडा येतो तो नोंदींतून, आणि त्या काळच्या नोंदी फसव्या आहेत. १९११ ते १९१७ या काळात न्यूयॉर्क राज्यात दहा फेऱ्यांच्या लढतीला परवानगी होती. पण कोणी बाद झाला नाही, तर पंचांनी निर्णय देण्यास कायद्याने मनाई होती. मग दुसऱ्या दिवशी वार्ताहर आपापल्या मते विजेता घोषित करीत, आणि दोन वृत्तपत्रांची मते जुळतीलच असे नसे. आमच्या चहाच्या दुकानातील वाद आणि हा प्रकार यांत फरक एवढाच, की तो छापून येई.

शिवाय माणूस सर्व काळ एकसारखा राहत नाही. जेफ्रीज अपराजित असतानाच निवृत्त झाला होता. सुमारे सहा वर्षांच्या खंडानंतर, वाढलेले वजन महत्प्रयासाने उतरवून, गोऱ्यांची प्रतिष्ठा राखण्यासाठी म्हणून त्याला पुन्हा रिंगणात आणले गेले. तेव्हा संगणकात ‘जेफ्रीज’ असे लिहिणे पुरेसे नाही. १९०४ चा की १९१०चा, हेही सांगावे लागते.

या छंदाचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९६७ सालचा. मायामीतील नभोवाणी निर्माते मरे वोरोनर यांनी सर्व काळांतील सोळा नामवंत हेवीवेट योद्धे निवडले, त्यांचे गुणदोष आकड्यांत मांडून संगणकाला दिले आणि एकेका लढतीचे धावते वर्णन नभोवाणीवरून ऐकवले. अंतिम विजेता ठरला रॉकी मार्सियानो. मुहम्मद अली मात्र उपांत्यपूर्व फेरीतच हरला, आणि तोही जेफ्रीजकडून! याच वर्षी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे अलीचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले होते. मार्च १९६७ नंतर ऑक्टोबर १९७० पर्यंत त्याला खऱ्या रिंगणात उतरता आले नाही. म्हणजे ज्या काळात त्याला लढू दिले नाही, त्याच काळात एका यंत्राने त्याला हरवले. त्याने बदनामीचा दावा लावला. अखेर तडजोड होऊन अली आणि निवृत्त मार्सियानो यांच्या कृत्रिम लढतीचे चित्रीकरण झाले. शेवट कळू नये म्हणून निरनिराळे शेवट चित्रित केले गेले. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतील चित्रपटगृहांत तो चित्रपट झळकला, तेव्हा पडद्यावर मार्सियानो तेराव्या फेरीत विजयी झाला. हे पाहण्यास तो स्वतः उरला नव्हता. आदल्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात त्याचा अंत झाला होता.

पुढे १९८० साली अली मद्रासला आला आणि नेहरू स्टेडियमवर जिमी एलिसबरोबर प्रदर्शनीय लढत खेळला. उत्तर चेन्नईतील जुनी मंडळी आजही त्या दिवसाची आठवण काढतात. यंत्राने दिलेला निकाल मात्र त्यांच्यापैकी कोणाच्या खिजगणतीतही नाही.

आता मी माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. बुद्धिबळातील खेळाडूंची तुलना करण्यासाठी आर्पाड एलो या प्राध्यापकांनी गुणांकनाची एक पद्धत सिद्ध केली. १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती स्वीकारली. माझ्या छंदात मीही तीच वापरतो. बलवानाला हरवले तर जास्त गुण, दुबळ्याला हरवले तर कमी. दोघांत २०० गुणांचा फरक असेल, तर वरचढाच्या यशाची अपेक्षा सुमारे ७६ टक्के. पद्धत सुबक आहे. मात्र तिची एक अट आहे. दोन गटांतील माणसांची तुलना करायची, तर त्या गटांत आपापसांत लढती झालेल्या असाव्या लागतात. या लढती म्हणजे दोन तीरांना जोडणारे पूल. पूल नसतील, तर दोन्ही तीरांवरचे आकडे आपापल्या जागी बरोबर असूनही त्यांची तुलना निरर्थक ठरते.

सॅम लँगफर्डचे उदाहरण घ्या. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातला हा कृष्णवर्णीय योद्धा उंचीने बेताचाच होता. पण हलक्या वजनगटापासून हेवीवेटपर्यंत सर्वांशी लढला. १९०६ मध्ये तो जॉन्सनकडून हरला. १९०८ मध्ये जॉन्सन जगज्जेता झाला आणि त्यानंतर लँगफर्डला त्याने पुन्हा संधी दिली नाही. गोरे जगज्जेते तर कृष्णवर्णीयांना दारातच उभे करीत नसत. १९१५ मध्ये जॉन्सन हरल्यावर पुढच्या कृष्णवर्णीय योद्ध्याला, जो लुईला, हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढता आले ते थेट १९३७ मध्ये. मध्ये बावीस वर्षे गेली! या काळात लँगफर्ड, हॅरी विल्स, जो जेनेट, सॅम मॅक्व्हे यांनी काय करावे? ते पुन्हापुन्हा एकमेकांशीच लढत राहिले. लँगफर्ड आणि विल्स तर दहाहून अधिक वेळा समोरासमोर आले.

हे मी संगणकात भरले, तेव्हा गुण त्या चौघांच्या वर्तुळातच फिरत राहिले. लँगफर्ड आणि त्या काळचा गोरा जगज्जेता यांची लढत मी हजार वेळा लावली आणि यंत्राने मुकाट्याने टक्केवारी दिली. पूल इतके थोडे होते, की एखाद्या जुन्या लढतीचा निकाल मी थोडा वेगळा धरला, तर ती टक्केवारी उलटीसुलटी होई. तो आकडा लँगफर्डचा नव्हता, माझ्या अंदाजाचा होता. यंत्र अडले ते गणितामुळे नव्हे. माणसांनी पूल बांधूच दिले नव्हते, म्हणून. लँगफर्डची दृष्टी पुढे गेली. १९४४ साली एका पत्रकाराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये अंध आणि विपन्न अवस्थेत सापडला. त्याला कोणत्या सदृशीकरणाने न्याय मिळणार?

आपल्या मातीतही हेच दिसते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले, त्याच सुमारास, १९१० मध्ये, गामा पैलवान लंडनला गेला. झिबिस्कोशी त्याची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालून बरोबरीत सुटली. फेरलढतीला झिबिस्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत निकाल लावला. हिंदुस्थानची तांबडी माती आणि युरोपचा आखाडा यांच्यातले पूल हे असे मोजकेच. त्यांवरून गामा जगात कितवा, हे कोणते यंत्र सांगणार?

खाशाबा जाधव यांच्यासाठी मात्र एक पूल बांधला गेला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवले नसते, तर आज माझ्यासारखा कोणी छांदिष्ट ‘खाशाबा गेले असते तर’ असा खेळ संगणकावर मांडून बसला असता, आणि यंत्राने त्याला काहीतरी टक्केवारी दिलीही असती.

मित्रहो, हा हिशेब मी याच व्यासपीठावर का मांडला? मराठी माध्यमाच्या शाळेत मूल घालावे की नाही, याचा विचार आज घरोघरी चालतो. ‘आपले मूल पुढे टिकेल का?’ असे आईवडील विचारतात आणि मनातल्या मनात एक लढत खेळवून निकालही लावून टाकतात. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. लेकराची काळजी कोणाला नसते? पण तो निकाल पूल नसलेल्या दोन तीरांचा आहे. मी सातवीत असताना आमच्या गणिताच्या गुरुजींनी आम्हा चार मुलांना, प्रवासखर्च स्वतः सोसून, शहरातील एका आंतरशालेय स्पर्धेला नेले होते. बाकी सर्व संघ इंग्रजी माध्यमाचे. आम्ही पहिले आलो नाही, तिसरे आलो. परतीच्या एस.टी.त गुरुजी एवढेच म्हणाले, “आता निदान कळले, आपण कोठे आहोत ते.” त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी गुम्मिडिपूंडीत, रात्री संगणकापुढे बसलो असताना उमगला.

म्हणून माझे मागणे एवढेच. शाळेने या साठ वर्षांत ज्यांना घडवले त्यांच्या नोंदी नीट ठेवा. आणि जे मध्येच शाळा सोडून गेले, ज्यांना मैदानात उतरताच आले नाही, त्यांचीही नोंद ठेवा. आजच्या मुलांना, विशेषतः मुलींना, बाहेरच्या प्रत्येक स्पर्धेत उतरवा. ती हरली तरी चालेल; पण त्यांची लढत व्हायलाच हवी. त्यासाठी लागणाऱ्या प्रवासखर्चाचा वाटा माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, असा प्रस्ताव मी मांडतो, आणि त्यात माझा वाटा आजच मुख्याध्यापकांच्या हाती देतो.

न झालेल्या लढती खेळवण्याचा माझा छंद पुढेही चालू राहील. मात्र या शाळेतील कोणा मुलाचे नाव त्या यादीत घालण्याची वेळ माझ्यासारख्यावर कधी येऊ नये, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.