दासोपंतांचे सोळा दत्तावतार



अवतार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम दशावतारांची रांग उभी राहते, आणि त्या रांगेंत बहुतेक प्रत्येकासमोर एखादा दैत्य उभा असतो. हिरण्यकशिपु नसता तर नरसिंह कशाला आला असता, रावण नसता तर राम कशाला, असें लहान मूलही विचारील. या रांगेंत दत्तात्रेयाला जागा नाहीं. भागवताच्या पहिल्या स्कंधांतील अवतारांच्या यादींत तो सहावा आहे. पण तेथेंही त्याच्या नांवावर कोणाचा वध नाहीं. अलर्क, प्रह्लाद इत्यादिकांना त्यानें आत्मविद्या सांगितली, एवढेंच. ज्यानें कोणाला मारलें नाहीं त्याला अवतार कां म्हणावें?

या प्रश्नाचा विचार करतांना मराठी माणसाला अंबाजोगाईकडे वळावें लागतें. निझामी अमदानींत मोमिनाबाद हें नांव धारण केलेलें हें गांव योगेश्वरीचें म्हणून सर्वांस ठाऊक आहे. कोंकणस्थ घराण्यांची कुलदेवता येथें एवढ्या दूर कशी, हा निराळा विषय आहे. त्यांत आज शिरत नाहीं. याच गांवीं दासोपंत राहिले. शके १४७३ म्हणजे इ. स. १५५१ त जन्म आणि १६१५ त समाधि; म्हणजे नाथांहून ते वयानें लहान, पण त्यांचे समकालीन. नृसिंहतीर्थावर त्यांची समाधि आहे.

त्यांच्या बाळपणाची कथा अशी सांगतात. वडील दिगंबरपंत हे बेदरच्या बरीदशाहीचे देशपांडे. दुष्काळांत त्यांनीं सरकारी धान्य लोकांस वांटलें, वसुलाचा भरणा झाला नाहीं, आणि बादशहानें मुलाला ओलीस ठेवून घेतलें. मुदत संपतां संपतां दत्ताजी पाडेवार नांवाचा कोणी इसम आला, रक्कम भरून पावती घेऊन गेला, आणि पुन्हां दिसला नाहीं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्यांनीं ऐकली आहे त्यांना हें सर्व ओळखीचें वाटेल. इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकूं नये. परंतु कथेचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. दामाजींची कथा सुटकेपाशीं संपते. दासोपंतांची तेथून सुरू होते. सुटलेला मुलगा घरीं स्वस्थ बसला नाहीं. पैसे भरणारा कोण, हें शोधण्यासाठीं तो घर सोडून माहूरला गेला आणि तेथें बारा वर्षें राहिला, असें परंपरा सांगते. देवानें कर्ज फेडलें याचें त्याला समाधान नव्हतें. देव पाहावयाचा होता.

दासोपंतांच्या परंपरेंत दत्ताचे सोळा अवतार मानतात. योगिराज, अत्रिवरद, दत्तात्रेय, कालाग्निशमन, योगिजनवल्लभ, लीलाविश्वंभर, सिद्धराज, ज्ञानसागर, विश्वंभरावधूत, मायामुक्तावधूत, मायायुक्तावधूत, आदिगुरु, शिवरूप, देवदेवेश्वर, दिगंबर आणि कृष्णश्यामकमलनयन. नांवें लांबलचक आहेत. पण एकदां शांतपणें ऐकलीं म्हणजे ध्यानांत येतें कीं त्यांत शस्त्राचें नांव नाहीं. नांवें आहेत तीं ज्ञानाचीं, योगाचीं आणि कृपेचीं. गीतेच्या चौथ्या अध्यायांत भगवंतांनीं साधूंचें रक्षण, दुष्टांचा नाश आणि धर्माची स्थापना असे तीन हेतु सांगितले आहेत. आपण दुसऱ्याच्या गडबडींत तिसरा विसरतों. धर्म मनांत स्थापावयाचा तर तेथें तरवार काय करणार? शिकवणाराच हवा.

दहावें आणि अकरावें नांव पाहा. मायेपासून सुटलेला अवधूत, आणि लगेच मायेनें युक्त अवधूत. अवतारकल्पनेची सारी अडचण या जोडींत आहे. जो अज आहे तो जन्मला कसा? श्रीशंकराचार्यांनीं गीताभाष्याच्या उपोद्घातांत भगवान् देहधारी असल्यासारखा, जन्मल्यासारखा दिसतो, असें म्हटलें आहे. त्या ‘सारखा’ शब्दावर सगळा भार आहे. मार्कंडेय पुराणांत याचीच गोष्ट झाली आहे. शिष्य सोडीनात म्हणून दत्त सरोवरांत बुडून राहिला, आणि शेवटीं स्त्री व मद्य यांसह वर आला. तरी ते हटले नाहींत. सुशिक्षित मंडळींस ही कथा किंचित् अवघड वाटते व कीर्तनकार ती घाईनें उरकतात. पण दिसतें तेंच खरें मानावयाचें असेल तर रामाच्या वनवासांतही रडणारा एक मनुष्यच दिसेल.

गुरुचरित्रानें दत्ताचा अवतार श्रीपादश्रीवल्लभ आणि नृसिंहसरस्वती या सत्पुरुषांत पाहिला. महानुभावांनीं तो चारही युगांत अखंड मानला. दासोपंतांच्या परंपरेची मांडणी याहून निराळी आहे: तिनें अवतार युगांत न मांडतां वर्षाच्या तिथींवर मांडले. आपण सर्व जिला दत्तजयंती म्हणतों त्या मार्गशीर्षी पौर्णिमेला येथें पांचवा, योगिजनवल्लभ, जन्मतो. आषाढी पौर्णिमेला आदिगुरु. सोळाच कां, तर चंद्राच्या व पुरुषाच्या सोळा कला मनांत असाव्यात, असा माझा तर्क आहे.

स्वतः दासोपंतांनीं मात्र तत्त्वविचार सोडला नाहीं. गीतार्णव सव्वा लक्ष ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. त्याहून नवलाची त्यांची पासोडी: सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा खादीच्या कापडावर त्यांनीं पंचीकरण लिहिलें, आकृत्यांसह. पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो याचा तो नकाशाच आहे. अवतारांचा उत्सव करणाऱ्यानें देहाचा हा हिशेबही मांडून ठेवावा, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

सोळावा अवतार कार्तिक शुद्ध द्वादशीचा. त्यानंतर तीनच दिवसांनीं कार्तिकी पौर्णिमा येते, आणि योगिराज पुन्हां जन्मतो.